सार्वजनिक जागेतील धूम्रपान : हवेवर हक्क कोणाचा?



आरोग्य पानाच्या या पाठात आपण एक साधा वाटणारा प्रश्न घेणार आहोत. बसस्थानकावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात किंवा लग्नाच्या सभागृहात बसलेल्या माणसाला बिडी-सिगारेट ओढू द्यावी की नाही? काही जण म्हणतात, ज्याचा पैसा, ज्याची छाती, त्याची मर्जी. काही जण म्हणतात, धूर कोणाच्या एकट्याच्या छातीत राहत नाही. दोन्ही बाजू नीट समजून घेऊ, कायदा काय सांगतो ते पाहू आणि मग आपल्या वस्तीत काय करता येईल ते ठरवू. हा पाठ विहारातील साप्ताहिक बैठकीत मोठ्याने वाचला तर अधिक बरे. जे बिडी ओढतात त्यांनाही बैठकीला बोलवा. त्यांना गप्प करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

सार्वजनिक जागा म्हणजे काय?

‘सार्वजनिक जागा’ या शब्दाची किंमत आपल्याइतकी फार थोड्या समाजांना ठाऊक असेल. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा तो ठराव होता. ठराव कागदावर झाला, पण पाणी मिळाले नाही. म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा यांवर कोणालाही जातीच्या कारणाने अडवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले.

आता दुसरी यादी पाहा. 2 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई करण्याचा आदेश दिला. मुरली देवरा हे मुंबईचे राजकीय पुढारी. त्या आदेशात सभागृहे, रुग्णालये, आरोग्य संस्था, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने अशी यादी आहे. जो धूम्रपान करत नाही त्याला दुसऱ्याच्या धुराने अपाय का सोसावा लागावा, हा न्यायालयापुढचा मूळ प्रश्न होता आणि त्याचा आधार होता अनुच्छेद 21, म्हणजे जीविताचा हक्क.

शाळा, न्यायालय, कचेरी, दवाखाना ही नावे दोन्ही याद्यांत आहेत. 1923 च्या यादीचा प्रश्न होता की या जागेत पाऊल कोण टाकू शकतो. 2001 च्या यादीचा प्रश्न आहे की आत आलेला माणूस तिथे श्वास घेऊ शकतो का. दम्याची म्हातारी दवाखान्याच्या व्हरांड्यात धूर आहे म्हणून बाहेर उन्हात उभी राहत असेल, तर दार उघडे असूनही ती जागा तिच्यासाठी बंदच झाली. जातीने घातलेली बंदी आणि धुराने होणारी अडचण या सारख्या गोष्टी नाहीत, हे उघड आहे. पण जागा सर्वांची असेल तर तिथे सर्वांना बसता आले पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

गोंदिया आणि बिडी

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण इथे बिडी नुसती ओढली जात नाही, तिच्यावर चुली पेटतात. गोंदिया शहर वाढले ते रेल्वे, धानाच्या गिरण्या आणि बिडी यांच्या आधाराने. बिडी उद्योगातील मोठे नाव असलेल्या मनोहरभाई पटेलांनीच गोंदिया शिक्षण संस्था उभी केली. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील जंगलात मे महिन्याच्या उन्हात माणसे पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघतात. दुपारी घरी पुडके बांधतात आणि फळीवर नेऊन मोजून देतात. त्या हंगामाच्या पैशातून धानाचे बी येते, मुलांची पुस्तके येतात, थकलेली उधारी फिटते. कित्येक घरांत माय-लेकींनी सुपात पाने-तंबाखू घेऊन बिड्या वळल्या आहेत.

बिडी कामगारांच्या हक्काच्या लढ्यात आपल्या चळवळीचे मोठे नाव आहे. कामठीचे बाबू हरदास एल. एन., म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे. ‘जयभीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ठेकेदारांच्या पिळवणुकीतून सुटका व्हावी म्हणून त्यांनी विदर्भातील बिडी कामगारांना संघटित केले आणि सहकारी पद्धतीने काम करायला लावले. 1937 च्या निवडणुकीत ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. 12 जानेवारी 1939 रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज औषध आहे, तेही मोफत. तरीही क्षय आपल्या वस्त्यांतून गेलेला नाही, आणि धूर हा क्षयाचा जुना सोबती आहे. तेव्हा बिडी कामगाराच्या बाजूने उभे राहणे आणि बिडीच्या धुराविरुद्ध बोलणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता आल्या पाहिजेत.

धूर शरीरात काय करतो?

बिडीतून धूर दोन वाटांनी निघतो. एक ओढणारा आत घेतो आणि बाहेर सोडतो. दुसरा बिडीच्या जळत्या टोकातून सरळ हवेत जातो. हा दुसरा धूर गाळलेला नसतो आणि शेजारी बसलेल्याच्या नाकात तोच जास्त जातो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. खिडकी उघडली किंवा पंखा लावला की वास कमी होतो, पण विषारी कण खोलीत राहतातच.

बिडी लहान आहे, पानात वळलेली आहे, म्हणून सिगारेटपेक्षा कमी वाईट, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो चुकीचा आहे. बिडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूचे पान सहज जळत नाही, बिडी सारखी विझू पाहते, म्हणून ओढणारा भरभर आणि खोल झुरके घेतो. त्यामुळे डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, उलट जास्तच जाते.

धुराचा त्रास कोणाला किती होतो ते एकेक करून पाहू.

*लहान मुले.* त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा वेगाने चालतो, फुप्फुसे अजून वाढत असतात. धुरात राहणाऱ्या मुलांना न्यूमोनिया, दमा आणि कान फुटण्याचे आजार जास्त होतात.

*गरोदर बाई.* ती स्वतः बिडीला हात लावत नसली तरी धुरात राहिल्याने बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.

*मोठी माणसे.* स्वतः न ओढता रोज दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 20 ते 30 टक्क्यांनी वाढतो. दुसऱ्याच्या धुराने जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

*क्षयरोगी.* धूम्रपान करणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न करणाऱ्याच्या दुपटीहून अधिक असतो. उपचार सुरू असताना बिडी चालू ठेवली तर बरे व्हायला अडथळा येतो आणि आजार पुन्हा उलटण्याची भीती राहते.

*सिकलसेलचे रुग्ण.* हा मुद्दा आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे. विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आणि आपल्या समाजात बराच आढळतो. सिकलसेलमध्ये रक्तातील प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिनीत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड नेमका रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणून ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे, त्या घरात बिडीचा धूर त्या मुलाच्या छातीचा आणि वेदनेच्या झटक्यांचा धोका वाढवतो.

कायदा काय सांगतो?

2003 साली संसदेने सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा केला. त्याच्या कलम 4 नुसार सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास बंदी आहे. त्याचे सविस्तर नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर लागू झाले. यातील काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात.

1. लोकांना जिथे जाता येते, मग ते हक्काने असो वा नसो, ती सार्वजनिक जागा. दवाखाना, शाळा, न्यायालय, कार्यालय, ग्रंथालय, उपाहारगृह, सिनेमागृह, कामाची ठिकाणे, बस आणि रेल्वे या सर्व त्यात येतात. लोक जमतात ते बंदिस्त समाजमंदिर आणि विहारही या व्याख्येबाहेर राहत नाही.

2. मोकळी जागा, जसे रस्ता किंवा मैदान, यातून वगळलेली आहे. मात्र रेल्वे स्थानक, बस थांबा, क्रीडांगणाची प्रेक्षागृहे आणि खुले रंगमंदिर ही ‘मोकळी जागा’ धरली जात नाहीत. म्हणून गोंदिया जंक्शनचा फलाट उघडा दिसला तरी तिथे बिडी पेटवणे गुन्हा आहे.

3. दंड 200 रुपयांपर्यंत आहे. दंड करण्याचा अधिकार ठिकाणाप्रमाणे मुख्याध्यापक, रुग्णालयाचे अधीक्षक, स्टेशन मास्तर, पोलीस उपनिरीक्षक अशा अधिकाऱ्यांना दिलेला आहे.

4. जागेच्या मालकाने किंवा व्यवस्थापकाने किमान 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक लावायचा असतो. त्यावर ‘येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’ असा मजकूर आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव हवे. आत राखपात्र, काडेपेटी, लायटर ठेवता येत नाही. तक्रार येऊनही त्याने काही केले नाही तर दंड त्याच्यावरही येतो.

5. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूची कोणतीही वस्तू विकता येत नाही. शाळा-महाविद्यालयापासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत, विक्रीला बंदी आहे. ‘जा रे बाळा, ठेल्यावरून बिडीचा कट्टा घेऊन ये’ असे आपण सहज सांगतो. त्या वेळी आपण ठेलेवाल्याकडून कायदा मोडवतो आणि मुलाला ठेल्याची वाट दाखवतो.

तीन आक्षेप

कायदा आहे म्हणून गोष्ट बरोबर, असे आपण मानत नाही. मनुस्मृतीही एका काळी कायदाच होती. म्हणून बंदीविरुद्धचे आक्षेप तपासले पाहिजेत.

*पहिला आक्षेप : माणसाला स्वातंत्र्य आहे.* तंबाखू विकणे गुन्हा नाही, सरकार त्यावर कर घेते, मग ओढणाऱ्याला का अडवायचे? याचे उत्तर असे की सार्वजनिक जागेचा कायदा बिडी ओढायला बंदी करत नाही. कुठे ओढायची एवढेच तो ठरवतो. बिडी ओढणारा पाच मिनिटे बाहेर मोकळ्यावर जाऊ शकतो. पण ज्याच्या हातात सलाइन आहे, ज्याच्या कडेवर तान्हे मूल आहे, ज्याचा नंबर पुकारला जाणार आहे, तो श्वास घ्यायचा थांबूही शकत नाही आणि उठून जाऊही शकत नाही. दोघांपैकी एकाला गैरसोय सोसावीच लागणार असेल, तर ज्याला हलता येते त्याने हलावे.

*दुसरा आक्षेप : बिडीवर गरिबाचे पोट आहे.* हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो हसून उडवू नये. दवाखान्यात बिडी बंद झाल्याने कोणाचे पुडके फळीवर पडून राहत नाही, हे खरे. पण लोक बिडी कमी ओढू लागले तर पुढे वळण्याचे काम कमी होईल, हेही खरे आहे. म्हणून धूरमुक्तीची मागणी करणाऱ्यांनी त्याच तोंडाने पर्यायी कामाची मागणी केली पाहिजे : रोजगार हमीची पुरेशी कामे, मामा तलावांत मासेमारीचा हक्क, मोहफूल आणि लाखेला योग्य भाव, आणि बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम खात्याची जी शिष्यवृत्ती आहे ती वेळेवर. बिडी वळणाऱ्या बाईचे आरोग्य आधी आठवावे. दिवसभर तंबाखूची धूळ नाकात आणि कातडीत जाते, डोके दुखते, खोकला धरतो. तिची नातही सुपापाशी बसावी, असे तिला स्वतःला तरी वाटते का, हे तिलाच विचारा.

*तिसरा आक्षेप : दंड गरिबालाच होतो.* 200 रुपये मोटारीतून उतरणाऱ्याला काहीच नाहीत, पण मजुराच्या दिवसाच्या कमाईचा तो मोठा वाटा आहे. शिवाय नियमांनुसार तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलात आणि तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहात धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते. म्हणजे पैसेवाल्याला भिंतीआड सोय आणि गरिबाला पावती. या आक्षेपात तथ्य आहे. पण यातून बंदी नको असा निष्कर्ष निघत नाही. अंमलबजावणी सर्वांना सारखी हवी असा निघतो. कार्यालयात शिपायाला मनाई असेल तर साहेबाच्या खोलीतही मनाई हवी. आणि धुराचे नुकसानही गरिबालाच अधिक होते हे विसरू नये. त्याचे घर एका खोलीचे, कामाची जागा कोंदट, आणि आजार झाला तर मजुरी बुडते.

बंदी घातली तर लोक घरी जास्त ओढतील, अशी शंका इतर देशांतही घेतली गेली होती. स्कॉटलंडमध्ये मार्च 2006 पासून बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई झाली. त्याआधी दम्यामुळे दवाखान्यात भरती होणाऱ्या मुलांची संख्या तिथे दरवर्षी वाढत होती. मनाईनंतर ती घटू लागली. बाहेर ओढायचे नाही ही सवय लागली की घरातही ओढायला माणूस कचरतो.

कायदा उंबरठ्यावर थांबतो

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात असे दिसले की भारतातील 38.7 टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर सहन करावा लागतो. बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांपैकी 30.2 टक्क्यांना कामाच्या जागी तो सोसावा लागतो. म्हणजे धुराचे पहिले ठिकाण बसस्थानक नाही, आपले घर आहे. आणि घरात कायदा येत नाही.

एका खोलीच्या घरात सासरे बाजेवर बिडी ओढतात, कोपऱ्यात चूल आहे, खाली बाळ झोपले आहे. तिथे पोलीस येणार नाही, पावती फाटणार नाही. तिथे बोलावे लागते, आणि बोलणारी बहुधा घरातली सून असते, जिचा आवाज सर्वांत लहान. म्हणून हे काम तिच्या एकटीवर टाकू नये. मुलाने वडिलांशी बोलावे. आशाताईने घरी आल्यावर सर्वांसमोर सांगावे. सून बोलली तरी चार शब्द पुरतात : ‘मामाजी, लेकराले खोकला आहे. बिडी आंगणात जाऊन प्या ना जी.’ यात अपमान नाही, मनाई नाही. बहुतेक आजोबा नातवासाठी उठतात. पावसाळ्यात आणि थंडीत छपरीत वेगळी जागा करून द्यावी, पण ती दारा-खिडकीपासून दूर असावी, नाहीतर धूर पुन्हा आत येतो. शेकोटीभोवती मुलांना घेऊन बसताना बिडी पेटवू नये, हेही ध्यानात ठेवावे.

इथे धम्माचा एक विचार कामी येतो. तंबाखू ही अमेरिका खंडातली वनस्पती. पोर्तुगिजांबरोबर ती भारतात आली, म्हणून भगवान बुद्धांच्या काळात तिचे नाव असण्याचे कारण नाही. बिडी पाचव्या शीलात बसते की नाही, यावर विहारात वाद होतात. तो वाद बाजूला ठेवला तरी पहिले शील उरतेच : जीवाला इजा करण्यापासून दूर राहण्याचे. दुसऱ्याच्या छातीत जाणारा धूर हा पहिल्या शीलाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला वाद लागत नाही, बाजूला झोपलेल्या मुलाचा श्वास ऐकला की पुरे.

बिडी सोडून खर्रा नको

महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे कितीतरी जास्त आहेत. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातील 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के, तर खाणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे 24.4 टक्के. आपल्या भागात त्याचे नाव खर्रा. बसमध्ये बिडी चालत नाही म्हणून खर्रा तोंडात टाकला, तर शेजाऱ्याला धूर लागत नाही, पण स्वतःच्या तोंडाचा कर्करोग टळत नाही. सुपारी-तंबाखूने तोंडाची आतली कातडी ताठ होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, किंवा तोंडातील पांढरा-लाल चट्टा, जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर लगेच दवाखान्यात दाखवावे.

वस्तीत काय करता येईल?

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखू कमी करण्याचे अभियान चालते. गावानेच ठरवायचे आणि गावानेच पाळायचे, असा त्याचा मार्ग आहे. आपल्यालाही लहान सुरुवात करता येईल.

- विहार, समाजमंदिर आणि त्यांचे आवार धूरमुक्त आणि खर्रामुक्त, असा ठराव महिला मंडळ आणि विहार समितीने मिळून करावा. फलक लावावा. बिडी ओढणाऱ्यांसाठी आवाराबाहेर जागा सांगावी.
- लग्न, नामकरण, जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात पानसुपारीच्या ताटात बिडी-सिगारेट ठेवण्याची पद्धत बंद करावी. मयतीच्या घरी बसायला आलेल्यांनीही घरात न ओढता बाहेर जावे.
- शाळेजवळचा ठेला किती अंतरावर आहे ते मोजावे. आधी ठेलेवाल्याशी बोलावे, तोही आपल्यातलाच असतो. जागा बदलायला त्याला मदत करावी. त्यानंतरही ऐकले नाही तर ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेकडे लेखी तक्रार द्यावी.
- दवाखान्यात किंवा कार्यालयात कोणी ओढत असेल तर भांडू नये. फलकावर ज्याचे नाव आहे त्याला सांगावे. फलकच नसेल तर फलकाची लेखी मागणी करावी. तो आपला हक्क आहे.
- घरी बिड्या वळत असतील तर काम उघड्यावर किंवा वाऱ्याच्या जागी करावे, तोंडाला ओढणी बांधावी, मुलांना दूर ठेवावे आणि हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये, स्वयंपाकाला लागू नये.
- दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ‘बिडीचा खोकला आहे’ म्हणून बसू नये. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

सोडायचे असेल तर

बिडी सोडता न येणे हा चारित्र्याचा दोष नाही. निकोटिनची सवय शरीराला लागते. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे असे होते, ते सर्वांत कठीण. नंतर ते ओसरत जाते. एक तारीख ठरवा, घरच्यांना सांगा, घरातला कट्टा आणि काडेपेटी बाजूला काढा. तलफ आली की पाणी प्या, थोडे चाला, आनापान करा, तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवा. तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा 1800-11-2356 हा क्रमांक निःशुल्क आहे, तिथे समुपदेशक बोलतात. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली तरी लाज वाटू देऊ नका. अनेकांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो.

फायदा लवकर सुरू होतो. एका दिवसाच्या आत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा. पैशाचा हिशेबही करून पाहा. रोज 20 रुपये बिडी-खर्ऱ्यावर जात असतील तर वर्षाला 7,300 रुपये होतात. त्यात मुलीची सायकल येते.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या वस्तीत बिडीचा धूर टाळता येत नाही अशा जागा कोणत्या? तिथे सर्वांत जास्त वेळ कोण बसते?
2. आपल्या विहाराच्या आवारात आज काय चालते? ठराव कधी घ्यायचा?
3. सिकलसेल, दमा किंवा क्षय असलेला रुग्ण ज्या घरात आहे, त्या घरातील बिडी ओढणाऱ्याशी कोण बोलेल?
4. बिडी वळणाऱ्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या भगिनींना दुसरे कोणते काम मिळाले तर चालेल? ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि ग्रामसभेत मांडा.

भवतु सब्ब मंगलं.